मीली रुसली की आधी लॉग बघा

मीली म्हणजे घरच्याच संगणकावर चालवायची पाककृतींची वही. तिचं पान उघडत नाही म्हणून लगेच सगळं पुसून नव्याने टाकायला बसू नका. मीली चालते डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. आधी त्याचा लॉग, म्हणजे काय घडलं त्याच्या नोंदी, वाचा. मीली कंटेनरच्या आत ९००० पोर्टवर ऐकते. डॉकरच्या सेटिंगमधल्या '९९२५:९०००' मधला डावा आकडा (बाहेरचा पोर्ट) हवा तो ठेवा, उजव्याला हात लावू नका. काल चालत होतं आणि आज नाही? बहुधा राउटरने रास्पबेरी पायला (मीली ज्यावर चालते त्या छोट्या संगणकाला) नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिलाय. तो राउटरमध्येच पक्का करून टाका.

खरी गोची डेटाची. डेटाचा फोल्डर व्हॉल्यूमला (कंटेनरबाहेरच्या कायमच्या साठवणीला) जोडला नसेल, तर कंटेनर काढून नवा केला की पाककृती गेल्याच. कोथरूडला आमच्याकडे एका गुरुवारी वीज गेली (गुरुवारच तो!) आणि पायचं एसडी कार्डच बसलं. आईच्या उकडीच्या मोदकांचं प्रमाण त्यातच. नशीब, आठवड्यापूर्वीचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता. आता दर रविवारी घेतो.

लिंक टाकून पाककृती येत नसेल, तर बहुतेक वेळा त्या पानात स्कीमा डॉट ऑर्गच्या पद्धतीची (प्रोग्रामला वाचता येईल अशी ठरावीक साच्यातली) माहितीच नसते. हाताने टाका. आणि 'दोन वाट्या तांदळाची पिठी' मीलीला आपोआप कळेल अशी आशा नको. 'वाटी' हे एकक स्वतःच भरा.