पोरीले इकॉनॉमिक्स घेऊन भेटणार काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं कुटुंब आमच्याकडे सल्ला विचारायला आलं. मुलगी बारावी कला शाखेतून ७८ टक्क्यांनी पास झालेली, सगळ्यात जास्त गुण अर्थशास्त्रात. बी.ए.लाही तिला तोच विषय हवा होता. बाबा म्हणाले, "बी.ए. झालेले आठ-दहा पोट्टे आमच्या गावात पानठेल्यावर बसले हायेत. हे शिकून पोरगी काय करन? त्यापेक्षा नर्सिंगले टाकतो." सोबत आलेल्या काकांचा आग्रह कॉमर्सचा, दोन्ही एकच, असं त्यांचं म्हणणं.

एकच नाही. जमाखर्च, जीएसटी, टॅली हे कॉमर्सचं काम. भाव का पडला, कर्जमाफीने नेमकं कोणाचं भागलं, हे प्रश्न अर्थशास्त्राचे. बाबा कापूसवाले, म्हणून हमीभावाचीच गोष्ट काढली. तो ठरवण्यासाठी केंद्राला शिफारस करतो कृषी खर्च व मूल्य आयोग. बियाणं, खत, फवारणी, मजुरी असा हातचा गेलेला खर्च म्हणजे ए-टू. घरच्यांच्या राबण्याची किंमत त्यात धरली की ए-टू अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही जोडलं की सी-टू. सरकार दीडपट धरतं ती ए-टू अधिक एफएलवर. शेतकरी संघटना मागतात सी-टूवर.

"म्हणजे आमचं राबणं कोणीतरी मोजते?" बाबांनी विचारलं. मोजतात. नोंदी घेणारे, आकडे तपासणारे, अहवाल लिहिणारे अशी माणसं त्यासाठी लागतात, आणि त्या साखळीत अर्थशास्त्र शिकलेल्यांना जागा असते.

पण बाबांची भीती खोटी नव्हती. नुसतं बी.ए. अर्थशास्त्र, तेही गाईड पाठ करून, फार लांब नेत नाही. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेला कुठलीही पदवी चालते, तिथे या विषयाचा वेगळा फायदा नाही. खरे दरवाजे पुढे आहेत आणि प्रत्येकावर अट लिहिलेली आहे. भारतीय आर्थिक सेवेची यूपीएससी परीक्षा द्यायला पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३०, उत्तरं इंग्रजीतच. जागाही मोजक्या, काही वर्षी वीसही निघत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागात ग्रेड बी अधिकारी व्हायला अर्थशास्त्रात एम.ए. आणि खुल्या प्रवर्गाला किमान ५५ टक्के. प्राध्यापकीसाठी एम.ए.नंतर नेट किंवा सेट. केंद्राच्या सर्वेक्षणांचं काम पाहणाऱ्या कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी पदाला मात्र पदवी पुरते, पण कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) अट अशी की बारावीला गणितात ६० टक्के हवेत, नाहीतर पदवीला संख्याशास्त्र हा विषय हवा.

इथेच गोष्ट अडते. मुलीचं गणित दहावीनंतर सुटलेलं. आमच्याकडे कला शाखेला गणित ठेवणारी कनिष्ठ महाविद्यालयं विरळाच, त्यामुळे हा दोष तिचा नाही. तरी भरून तिलाच काढावा लागणार, कारण एम.ए.च्या चांगल्या प्रवेश परीक्षा गणित आणि संख्याशास्त्राभोवतीच फिरतात. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून जावं लागतं. आयआयटींसाठी जॅम या प्रवेश परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा वेगळा पेपर आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेत शिक्षण शुल्क नाही, वर विद्यावेतन मिळतं, पण तिथली गणिताची चाळणी सगळ्यात बारीक. पुण्याची गोखले संस्था, मुंबईत गोरेगावची रिझर्व्ह बँकेने उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, ही नावं तिने पहिल्यांदाच ऐकली. गावात सांगणार तरी कोण?

तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्रासोबत राज्यशास्त्र आणि मराठी वाङ्मय एवढंच मिळत होतं. आमचा सल्ला स्पष्ट होता: एसटीचा पास काढून लांब जावं लागलं तरी संख्याशास्त्र असलेलं कॉलेज बघा. बारावीला गणित नसताना तो विषय देतात का, हे फी भरण्याआधी विचारा. काही ठिकाणी देत नाहीत. न दिल्यास एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीचं एकटं गणितही देता येतं.

अभ्यास कसा, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. क्रम असा ठेवायचा: सरळ रेषेचा चढ, फलन, मग डेरिव्हेटिव्ह, त्यावरून कमाल-किमान शोधणं, मग मॅट्रिक्स आणि संभाव्यता. रोज एक तास, पाच-सहा गणितं, वहीत हाताने. सीमांत उपयोगिता, म्हणजे एक नग वाढला की वाढणारं समाधान, ती बारावीत शिकलीच होती. ती म्हणजे एकूण उपयोगितेच्या रेषेचा चढ आणि डेरिव्हेटिव्ह म्हणजे तोच चढ, हे समजल्यावर तिचा चेहरा जरा सैल झाला. बहुतेक मुलं गणिताला हात घालतात एम.ए.च्या अर्जाच्या वेळी, तेव्हा सहा महिने पुरत नाहीत. पहिल्या वर्षाच्या दिवाळीपासून सुरू केलं तर तिसऱ्या वर्षी जुने पेपर सोडवायला वेळ उरतो. इंग्रजीसाठी वेगळा क्लास नको. आर्थिक पाहणी अहवालाचं रोज एक पान, अडलेल्या शब्दांसकट.

आणि हे काहीच जमलं नाही तर? हा प्रश्न आईचा, तोवर त्या गप्पच होत्या. तर बी.ए.नंतर बी.एड., बँक, स्पर्धा परीक्षा हे रस्ते उघडे आहेतच. नर्सिंग वाईट नाही, पण मुलीला रक्त बघवत नव्हतं, हे तिने बाबांसमोर तेव्हाच सांगितलं. बाबांनी विषय सोडला आणि खर्चाचं विचारलं.

कुटुंब ओबीसी. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी वेळेत भरायचा, बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना ते आधीच बघायचं; पैसे बरेचदा तिथेच अडकतात. स्पर्धा परीक्षांच्या मोफत प्रशिक्षणासाठी नागपूरच्या महाज्योती या ओबीसींसाठीच्या संस्थेच्या जाहिरातींवर नजर ठेवायची. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, शिवाय नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणी समितीकडून जात वैधता; यातलं वैधतेचं काम महिनोन्महिने रेंगाळतं, म्हणून त्याची फाईल पेरणीच्या धांदलीआधी टाकायची असं ठरलं.