तंटा निवारणाच्या सुधारणेवरील तुझ्या टिपणाबद्दल

प्रिय अभ्यासकास,

अनेक आशीर्वाद. तुझे टिपण लक्षपूर्वक वाचले. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळावर नेमणुका सुरू झाल्या की तंटा निवारणाची घडी पुन्हा बसेल, असा त्याचा एकंदर सूर आहे आणि तो मला पटलेला नाही.

1995 पूर्वी, गॅट या जुन्या व्यापार कराराच्या काळात, पॅनेलचा, म्हणजे तंटा प्रथम ऐकणाऱ्या तज्ज्ञमंडळाचा, अहवाल स्वीकारायला सर्वसहमती लागत असे. म्हणजे हरलेला देशही तो अडवू शकत असे. जागतिक व्यापार संघटनेच्या नव्या नियमांनी ही रीत उलटी केली. अहवाल नाकारायचा असेल तर सर्वांचे एकमत हवे, आणि त्या सर्वांत जिंकलेला देशही आलाच. मात्र अपील मंडळाच्या सात सदस्यांच्या नेमणुकीला जुनीच सर्वसहमती कायम राहिली. अमेरिकेने तिचाच आधार घेऊन नेमणुका रोखल्या. 10 डिसेंबर 2019 रोजी दोघांची मुदत संपून एकच सदस्य उरला आणि एका अपिलाला तिघे लागत असल्याने मंडळाचे काम ठप्प झाले. आता हरलेला देश अपील दाखल करतो आणि ते ऐकणारे कोणीच नसल्यामुळे अहवाल लटकून राहतो. साखरेच्या प्रकरणात भारताने आणि निकेलच्या प्रकरणात इंडोनेशियाने हेच केले. गॅटच्या काळातला नकाराधिकार असा मागच्या दाराने परतला आहे, आणि तुझ्या टिपणात त्याचा उल्लेखही नाही.

अपील मंडळाबद्दलची अमेरिकेची गाऱ्हाणी तू दोन ओळींत उडवून लावली आहेस, तसे करू नकोस. अपिलाचा निकाल 90 दिवसांत द्यायचा नियम वारंवार मोडला गेला, हे खरेच आहे. 'झीरोइंग'चा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. डम्पिंगचे, म्हणजे देशांतर्गत किमतीपेक्षा स्वस्तात निर्यात करण्याचे, प्रमाण काढताना निर्यातीची किंमत देशांतर्गत किमतीपेक्षा जास्त भरली, तर तो फरक उणे न धरता शून्य धरायचा, अशी ही पद्धत. तिच्यामुळे डम्पिंगविरोधी (अँटी-डम्पिंग) शुल्क फुगते. अमेरिका ती वापरत असे आणि अपील मंडळाने ती पुन्हा पुन्हा अमान्य केली. माझ्या मते निष्कर्ष योग्य होता, पण करारातील शब्दांवरून तो एकमेव निघत होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

याहून मोठी उणीव म्हणजे निकालानंतर काय होते, याचा विचार तुझ्या टिपणात नाही. मार्च 2002 मध्ये अमेरिकेने पोलादावर जादा शुल्क लावले, ते नियमबाह्य ठरले आणि डिसेंबर 2003 मध्ये मागे घेतले गेले. पण मधल्या काळात निर्यातदारांचे जे नुकसान झाले त्याची भरपाई देण्याची तरतूदच नाही, कारण निकाल केवळ पुढच्या काळाला लागू होतो. अँटिग्वा आणि बार्बुडाने ऑनलाइन जुगाराच्या प्रकरणात अमेरिकेला हरवले, तेव्हा 2007 मध्ये लवादाने वर्षाला 2.1 कोटी डॉलरपर्यंत प्रत्युत्तराची, म्हणजे अमेरिकेला दिलेल्या सवलती तेवढ्यापुरत्या थांबवण्याची, मुभा दिली. तीही अमेरिकी बौद्धिक संपदेचे संरक्षण स्थगित करून, कारण एवढ्याशा बेटांनी अमेरिकी मालावर शुल्क वाढवले असते तर त्याची झळ अमेरिकेला नव्हे, त्यांच्याच ग्राहकांना बसली असती. मंडळावर सातही जणांची नेमणूक झाली तरी अशा देशाची ही अडचण सुटत नाही.

2020 मध्ये काही सदस्यांनी उभारलेली तात्पुरती अपील-लवाद व्यवस्था मात्र बारकाईने अभ्यास. युरोपीय संघातील गोठवलेल्या फ्रेंच फ्राइजवर कोलंबियाने लावलेल्या अँटी-डम्पिंग शुल्काचा वाद या व्यवस्थेतील पहिला. अपिलाचा निर्णय डिसेंबर 2022 मध्ये 90 दिवसांच्या आत लागला. अर्थात, जो देश तीत सामील नाही त्याला ती बांधत नाही, आणि अमेरिका व भारत दोघेही बाहेर आहेत.

तेव्हा पुढचा मसुदा नेमणुकांपासून सुरू करू नकोस. अपील प्रलंबित असताना पॅनेलच्या अहवालाचे काय व्हावे, याचे कलम आधी लिही; नुकसानभरपाई तक्रारीच्या तारखेपासून मोजावी की निकालाच्या, याचे दुसरे. दोन्हींवर बड्या देशांचे आक्षेप काय असतील तेही त्यांच्याच बाजूने मांड. मसुदा झाला की पाठव. कलमागणिक शेरे लिहून परत करीन.

तुझा हितचिंतक