आखाजीचं धान्य कर्ज काढून भरावं का?

भुसावळ तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. घरात पाच माणसं: नवरा-बायको, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. महिन्याची मिळकत 38,000. किराणा, भाजीपाला, दूध मिळून 14,000 जातात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत वर्षाचं धान्य भरायचंय आणि त्यासाठी बचत गटातून महिना 2 टक्क्यांनी 30,000 उचलून 10 हप्त्यांत फेडायचा विचार आहे. बचत खात्यात 35,000 आहेत, पण "ते काढायला हात धजत नाही." सोबत चार आठवड्यांच्या खर्चाच्या वहीचे फोटो पाठवलेत.

ताई, धान्य जरूर भरा. कर्ज मात्र काढू नका.

तुमच्याच यादीवरून हिशोब करू. अडीच क्विंटल लोकवन गहू 7,500, एक क्विंटल दादर ज्वारी 4,200, 50 किलो तूरडाळ 6,000, तेलाचे चार डबे 9,200, मिरची-हळद-मसाला 3,100. झाले 30,000. हेच दुकानातून महिन्याच्या महिन्याला घेतलं, तर तुम्ही लिहिलेल्या भावाने गव्हाला किलोमागे 6 रुपये जास्त पडतात, म्हणजे 1,500. दादरला 8 रुपये, म्हणजे 800. डाळीला 15, म्हणजे 750. तेल-मसाल्यात फार तर 700. वर्षाची बचत 3,750. आता व्याज बघा. दर महिन्याला 3,000 मुद्दल फेडत गेलात तर पहिल्या महिन्याचं व्याज 600, दुसऱ्याचं 540, असं उतरत शेवटच्या महिन्याचं 60. बेरीज 3,300. वर्षभराच्या खटाटोपातून उरले 450 रुपये, आणि एका कोठीतल्या गव्हाला सोंडे लागले की तेही गेले.

खात्यातल्या पैशाला हात लावायचा नाही ही तुमची सवय मोलाची आहे, ती मोडा असं मी म्हणत नाही. पण त्या पैशावर बँक वर्षाला अडीच-तीन टक्के देते आणि गटाचं कर्ज वर्षाला 24 टक्क्यांनी पडतं. म्हणून यादीतला फक्त गहू आणि दादर खात्यातल्या पैशातून घ्या. 11,700 लागतील, 23,300 अडीअडचणीला शिल्लक राहतील. गटाचं कर्ज शिलाई मशीन, म्हैस अशा कमाई देणाऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवा.

हे पैसे परत कसे भरून काढायचे? गहू-ज्वारी घरात आल्यावर दुकानाच्या बिलातून महिन्याला सुमारे 1,150 रुपये कमी होतात. पगार झाल्या दिवशीच तेवढ्याची आरडी कापली जाऊ द्या. हे पैसे मागे राहिले तर कशात खर्च झाले ते कळणारही नाही. पुढच्या आखाजीला 13,800 आणि वर थोडं व्याज हातात असेल, आणि पुन्हा खात्याला हात लावावा लागणार नाही.

तेलाचे डबे यादीतून काढाच. आपल्या उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो, पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेलं तेल वर्षभर चांगलं राहत नाही. शिवाय देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्याचा भाव सरकारच्या एका निर्णयाने हलतो. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के झालं, मे 2025 च्या अखेरीस ते 10 वर आलं. तूरडाळीचंही तसंच: 2024 मध्ये दीडशेच्या वर गेलेली डाळ पुढच्या वर्षी बरीच उतरली. जळगावच्या डाळमिल जवळ आहेत, तीन महिन्यांची 12-13 किलो डाळ घेत चला. आमच्या घरी एका पावसाळ्यात डाळीच्या अख्ख्या डब्याला जाळी लागली होती. आई दिवसभर ती चाळत बसली होती, तिचा तो चेहरा मला अजून आठवतो.

गहू दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, पण तापलेला कोठीत ओतू नका. रात्रभर पसरून गार होऊ द्या, दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. कोठीत घालायचा कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवलेला असावा. आणि एका मोठ्या कोठीऐवजी दोन लहान कोठ्या करा, म्हणजे रोज उघडायच्या कोठीला कीड लागली तरी दुसरी वाचते.

पण तुमची वही वाचल्यावर मला धान्यापेक्षा गुरुवारची काळजी वाटते. तुमचा बाजार रविवारचा. वहीत एका रविवारी पालकाच्या चार जुड्या आहेत आणि बुधवारी गाडीवरून पुन्हा दोन. म्हणजे आधीचा पालक बहुधा कोमेजून गेला. लगेच गुरुवारी रात्री "शेवभाजी पार्सल 390". चारही आठवड्यांत गुरुवारी नाहीतर शुक्रवारी हीच नोंद आहे. तीच भाजी घरी करायला शेव, कांदा, खोबरं, तेल धरून 180 च्या आसपास लागतील. महिन्याला 840 चा फरक, वर्षाला दहा हजारांच्या घरात. आणि कर्ज काढून वाचणार होते 450!

शेवभाजी बंद करू नका, मुलांचा आठवड्याचा आनंद आहे तो. फक्त जाड तिखट शेव अर्धा किलो घरात ठेवा आणि वाटण रविवारीच करून फ्रीजमध्ये टाका. भाज्या नासण्याच्या क्रमाने शिजवा: रविवार-सोमवार पालक, पोकळा, मंगळवार-बुधवार गिलके, वांगी. गुरुवारपासून बाजारावर अवलंबूनच राहू नका. डुबुक वडे, पातोडी, मठाची (मटकीची) उसळ, कळण्याची भाकरी आणि ठेचा, हे सगळं डब्यातल्या सामानावर होतं. सासूबाईंना विचारा, आणखी चार पदार्थ निघतील. बाजाराची यादी त्यांच्यासोबत शनिवारी रात्री करा, फ्रीज उघडून, काय उरलंय ते बघून.

पहिले चार गुरुवार वहीत वेगळ्या शाईने लिहा आणि पुढच्या महिन्यात मला त्याच पानांचे फोटो पाठवा.