ब्लॉग आणि समाजमाध्यमांमुळे जनसंपर्काचे काम बदलले आहे का? प्रसिद्धिपत्रक लिहायला शिकण्यात आता काही अर्थ आहे का?

आपण पत्रकारितेचे शिक्षण घेत आहात आणि प्रसिद्धिपत्रकाचे प्रकरण अभ्यासक्रमातून काढून टाकावे असे आपले मत आहे, असे प्रश्नाखालील तपशिलावरून दिसते. प्रसिद्धिपत्रक लिहायला अवश्य शिका. मात्र ज्या कामासाठी ते पूर्वी लिहिले जात असे ते काम आता त्याच्याने होत नाही, आणि ही गोष्ट प्राध्यापकांना पटवण्यापेक्षा उद्याच्या वरिष्ठांना पटवणे आपल्याला अधिक जड जाईल. पश्चिम महाराष्ट्रातील एका खासगी डेअरीत जनसंपर्क अधिकारी म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे, आणि नेमक्या याच मुद्द्यावर आमच्या सरव्यवस्थापकांशी माझा जो वाद झाला तो माझ्या दृष्टीने अद्याप मिटलेला नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा कामाची रीत ठरलेली होती. लेटरहेडवर 'प्रति, मा. संपादक' असे लिहून, खाली 'कृपया प्रसिद्धीसाठी' अशी ओळ टाकून, श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर शिपायाच्या हाती वृत्तपत्रांच्या कार्यालयांत पाठवायचा. पुढे ई-मेल आला, तेव्हा पलीकडच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की अक्षरांचा नुसता चुराडा दिसे आणि फोनवरून बातमी पुन्हा सांगावी लागे. दुसऱ्या दिवशी कात्रणे फाइलला लावून साहेबांच्या टेबलावर ठेवली की काम पूर्ण झाले. बातमी किती कॉलम आली यावर आमचे मोल ठरत असे. ती वाचून ग्राहकाला काय वाटले, हे आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

नंतर एका उन्हाळ्यात पुण्याच्या उपनगरातील एका गृहिणीने फेसबुकवर व्हिडिओ टाकला. आमच्या पिशवीतील दूध तापवताना फाटले होते, त्यांनी ते आटवत ठेवले आणि तळाशी राहिलेला गोळा दोन्ही हातांनी ताणून दाखवला. तो रबरासारखा लांबत होता. 'हे दूध नाही, प्लास्टिक आहे, मुलांना पाजू नका,' असे त्या कळवळून सांगत होत्या. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरू लागला आणि रात्री वितरकांचे फोन सुरू झाले.

डेअरीत काम केलेल्या कोणालाही त्या गोळ्याचे कारण ठाऊक असते. दुधाची आम्लता वाढली की तापवल्यावर त्यातील केसीन हे प्रथिन साकळते. पाणी उडून गेले की उरलेला साका चिवट होतो आणि ताणला जातो. प्लास्टिक आहे की प्रथिन, हे घरीही ओळखता येते, कारण प्रथिन जाळले तर जळक्या केसांसारखा वास येतो. दूध असे आंबलेले असू शकते म्हणूनच टँकर संकलन केंद्रावरून आला की दूध उतरवून घेण्यापूर्वी प्रयोगशाळेत परीक्षानळीत थोडे दूध उकळून ते फाटते का हे आधी पाहतात. हे सगळे मला आमच्या प्रयोगशाळेतील केमिस्टनी पूर्वीच समजावले होते, कारण मी त्यांच्याकडे वेळोवेळी जाऊन बसत असे. जनसंपर्काच्या माणसाचे प्रयोगशाळेत काय काम, असे त्या वेळी अनेकांना वाटे.

त्याच रात्री मी उत्तराचा मसुदा तयार केला. 'ताई, मी या डेअरीत जनसंपर्काचे काम पाहते. पिशवीवरचा बॅच क्रमांक आणि तारीख दिसेल असा फोटो कृपया पाठवा. उरलेले दूध व पिशवी टाकून देऊ नका, आमचा माणूस सकाळी येऊन घेऊन जाईल. तपासणीत जे आढळेल ते मी याच ठिकाणी लिहीन,' एवढाच तो मजकूर होता आणि त्याखाली माझे नाव होते. साहेबांनी, म्हणजे आमच्या सरव्यवस्थापकांनी, तो अडवला. उत्तर दिले की आरोपाला आपणच मोठे करतो, चार दिवस गप्प बसले की लोक विसरतात, आणि कंपनी अफवांवर भाष्य करत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी त्यांनी वृत्तपत्रांसाठी निवेदन लिहून घेतले. काही समाजकंटक कंपनीची बदनामी करत असून त्यांच्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल, असे त्यात होते. मी स्पष्ट विरोध केला, तरी ते गेले आणि छापूनही आले. त्या बातमीमुळे, ज्यांनी व्हिडिओ पाहिलाच नव्हता त्यांनीही तो शोधून पाहिला, आणि एका घाबरलेल्या आईला समाजकंटक म्हटल्याबद्दल आमच्या पानावर संतापाच्या प्रतिक्रियांची रीघ लागली.

वितरकांकडून क्रेटच्या क्रेट परत येऊ लागले तेव्हा मला परवानगी मिळाली. पिशवी ताब्यात घेतली, बॅचचा राखून ठेवलेला नमुना तपासला, आणि मी स्वतः केमिस्टना घेऊन त्या ताईंच्या घरी गेले. राखीव नमुना ठीक होता. दूध बिघडले होते ते वाटेत, कारण त्या भागातील विक्रेत्याकडे पहाटे उतरवलेले क्रेट ऊन चढेपर्यंत दुकानाबाहेरच राहत होते. हे मी लिहायला घेतले तेव्हा साहेबांनी विक्रेत्याबद्दलचे वाक्य खोडले, आपला दोष आपणच का सांगायचा म्हणून. मी ते वाक्य ठेवण्याचा हट्ट धरला आणि अखेर ते राहिले. ताईंनी आपल्या मूळ व्हिडिओखाली ते उत्तर स्वतः जोडले. त्यानंतर मी कंपनीच्या संकेतस्थळावरील ब्लॉगवर दूध का फाटते, साका का ताणला जातो आणि पिशवी घरी आणल्यावर काय करावे, हे सविस्तर मराठीत लिहिले. तसे व्हिडिओ पुढेही दर उन्हाळ्यात आले, आणि त्यांच्याखाली त्या लेखाचा दुवा आमच्याआधी ग्राहकच देऊ लागले.

ब्लॉगचा खरा उपयोग हा आहे. फेसबुकवरील उत्तर दोन दिवसांत खाली जाते, वृत्तपत्र रद्दीत जाते, पण नीट लिहिलेला लेख शोधणाऱ्याला पुढच्या वर्षीही सापडतो. 2006 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी संगणक कंपनीचे प्रमुख जोनाथन श्वार्ट्झ यांनी कंपनीची आर्थिक माहिती ब्लॉगवरून जाहीर करता यावी अशी मागणी अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाकडे केली, तेव्हा आयोगाचे अध्यक्ष ख्रिस्तोफर कॉक्स यांनी आपले उत्तर त्याच ब्लॉगवर प्रतिक्रिया म्हणून लिहिले होते. समाजमाध्यमांवरून अशी माहिती देण्यास 2013 मध्ये आयोगाने मान्यताही दिली, अट एवढीच की ती कोठे दिली जाईल हे गुंतवणूकदारांना आधी सांगितलेले असावे.

गप्प बसण्याचा सल्ला देणाऱ्यांनी मॅगीचे उदाहरण आठवावे. 2015 च्या मे महिन्यात मॅगी नूडल्समधील शिशाच्या प्रमाणाबद्दलच्या बातम्या आणि संदेश घरोघर पोचले होते. मॅगी बनवणाऱ्या नेस्ले कंपनीचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के दिल्लीत पत्रकारांसमोर आले ते 5 जूनला, म्हणजे माल बाजारातून परत घेण्याची वेळ आल्यावर. मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑगस्टला मॅगीवरील बंदीचा आदेश रद्द केला आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानांत आली, पण तोपर्यंत 30 हजार टनांहून अधिक माल नष्ट झाला होता. न्यायालयात बाजू भक्कम असणे आणि ग्राहकाला वेळेवर उत्तर मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचे काम पहिलीने होत नाही. 'आम्ही अफवांवर भाष्य करत नाही' हे वाक्य तर आता नियमातही बसत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने 1 जून 2024 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 आणि 1 डिसेंबर 2024 पासून पहिल्या 250 सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना, मुख्य प्रवाहातील माध्यमांत आलेल्या अफवेमुळे शेअरच्या भावात लक्षणीय चढउतार झाल्यास 24 तासांत ती खरी की खोटी हे सांगणे किंवा खुलासा करणे बंधनकारक केले आहे. आमची डेअरी सूचिबद्ध नव्हती, पण साहेबांचे ते आवडते वाक्य आता देशातील सर्वांत मोठ्या कंपन्यांनाही पूर्वीसारखे वापरता येत नाही, हे मी येथे मुद्दाम नोंदवते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. प्रत्येक टीकेला उत्तर देऊ नये. निनावी खात्यावरून शिवीगाळ करणाऱ्याला मुळीच देऊ नये. प्रकरण न्यायालयात किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे असेल तर वकिलांना विचारल्याशिवाय एक अक्षर लिहू नये. व्हॉट्सॲपच्या बंद गटांत काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही, त्यामुळे तेथे वितरक आणि दुकानदार हेच आपले कान असतात. पैसे देऊन कोणाकडून कौतुक करून घेतले तर तसे स्पष्ट लिहावे लागते, जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे 2021 पासून हेच सांगतात. आणि हे काम रात्री-अपरात्री करावे लागते, त्याचा घरच्यांना त्रास होतो.

प्रसिद्धिपत्रकाबद्दल सांगायचे तर, कोण, काय, केव्हा हे पहिल्या परिच्छेदात आणण्याची जी शिस्त ते लावते, तीच फेसबुकवरील चार ओळींच्या उत्तरातही उपयोगी पडते. मुलाखतीला जाल तेव्हा पगाराआधी दोन गोष्टी विचारा: ग्राहकाच्या तक्रारीला जाहीर उत्तर देण्याची परवानगी कोण देतो आणि त्याला किती वेळ लागतो, आणि कारखान्यात व प्रयोगशाळेत तुम्हाला मुक्तपणे जाता येईल का. परवानगीसाठी फाइल तीन टेबलांवरून फिरते असे उत्तर मिळाले, तर ती नोकरी स्वीकारू नका, आणि का स्वीकारत नाही ते त्यांना तोंडावर सांगा.