रताळ्यातला भुंगा: फोरेट नको, भर लावा

प्रश्न (चंदगड आणि करमाळा भागातून): रताळी आतून पोखरलेली, कडू निघतात. दुकानदार फोरेट (दाणेदार कीटकनाशक) टाका म्हणतो. काही रानांत वेल गच्च, पण कंद बोटाएवढे. उपाय सांगा.

उत्तर: फोरेट टाकू नका. 2020 च्या अखेरीपासून त्यावर देशभर बंदी आहे. शिल्लक माल गळ्यात मारणाऱ्याकडे पक्के बिल मागा, मग बघा काय उत्तर देतो ते. रताळी पोखरतो तो सोंड्या भुंगा. मादी वेलाच्या बुडात आणि उघड्या पडलेल्या कंदात अंडी घालते, अळी आतच वाढते. फवारा तिथवर पोहोचत नाही.

जमीन भेगाळली की भुंग्याला कंदापर्यंत वाट मिळते. म्हणून भर लावा, म्हणजे वेलाच्या बुडाशी माती चढवा. लागवडीनंतर महिन्याने एकदा, दोन महिन्यांनी पुन्हा. मजूर नाहीत म्हणून दुसरी भर सोडणाऱ्यांचीच रताळी सर्वात जास्त किडलेली दिसतात. पाण्याची पाळी लांबवू नका. बेणे (लागवडीचे वेलाचे तुकडे) शेंड्याकडचेच घ्या, बुडख्याकडून अंडी येतात. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने कामगंध सापळ्यांची (मादीच्या वासाने भुंगे ओढणारे सापळे) शिफारस केली आहे, दर 100 चौरस मीटरला एक. त्यात फक्त नर सापडतात, तेव्हा सापळे लावून भर टाळू नका. किडकी रताळी बांधावर फेकू नका, जनावरांना तर अजिबात घालू नका.

आषाढी-महाशिवरात्रीच्या भावासाठी तयार पीक रानात अडवून ठेवता, तेवढे दिवस भुंग्याचे फावते. 105 ते 120 दिवसांत काढणी करा. सणाचा हिशेब लागवडीच्या वेळी घाला.

वेल माजतात ते युरियाने. एकरी एक गोणी पुरे, तीही निम्मी लागवडीला, निम्मी पहिल्या भरीला. दोन-तीन गोण्या ओतायच्या आणि वर ‘फुगवणीचे किट’ घ्यायचे, हा दुकानदाराचा फायदा. कंदाला पालाश लागते: म्युरेट ऑफ पोटॅश एकरी 33 किलो.

‘भुंगा न लागणारे बेणे’ कोणी विकत असेल तर पैसे देऊ नका. दापोली कृषी विद्यापीठाचे कोकण अश्विनी हे वाण घ्या. केशरी गराचे भू सोना हे वाण (100 ग्रॅममध्ये सुमारे 14 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन) थोड्या वाफ्यांत करून बघा. गिऱ्हाईक पांढऱ्या गराला सरावलेले आहे, आधी बाजार पाहा.

पाण्याची पाळी सांभाळायला ठिबक बसवायचे असेल तर अनुदान आहे: महाडीबीटीवर (राज्य शासनाचे योजनांचे संकेतस्थळ) अर्ज, पूर्वसंमतीआधी खरेदी नको. बाकी सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) विचारा.