लगीन नाही तर रान कशाला?

प्रश्न : नमस्कार ताई, मंगळवेढ्याकडचा आहे, वय 31. मी गे आहे, घरात फक्त बहिणीला माहितीय. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आई, आम्ही दोघं भाऊ अन् बहीण अशी नावं लागली. भाऊ पुण्यात, रान मीच बघतो, ताल (बांध) फुटली की दगड रचा, तळ्यातला गाळ आणून टाका, मालदांडी ज्वारी पेरा, सगळं मीच. आता भाऊ म्हणतो, "तू लगीन करत नाहीस, तुझ्या मागं कोण हाय? हक्कसोड करून दे, शेवटी माझ्या पोरांचंच हाय." माझा मित्र सोलापुरात लूमवर असतो, सुट्टीला येऊन राबतो, त्याला काही देता येईल का?

उत्तर : आधी एक, सही करू नकोस. हिस्सा वारसाने आलाय, लग्नपत्रिका बघून नाही, आणि हक्कसोड रजिस्टर झालं की मग कोर्टकचेरीच. भावाला "आत्ता नको" एवढंच म्हण, कारणं देत बसू नकोस. घरी कधी सांगायचं ते तुझं तू ठरव पण वाटणीच्या भांडणात तो विषय काढू नकोस, आपल्याकडे नुसत्या बांधावरून डोकी फुटतात. बहिणीला धरून राहा, तिचाही हिस्सा आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, चुकवू नकोस, गाळाच्या पावत्या जपून ठेव.

मित्राचं जरा अवघड आहे बघ. 2018 ला कलम 377 मधला समलिंगी संबंधांचा गुन्हा गेला पण 2023 ला सुप्रीम कोर्टाने अशा लग्नाला मान्यता दिली नाही, त्यामुळे उद्या तुला काही झालं तर तुझा हिस्सा आईला, ती नसेल तर भावाबहिणीला, मित्र त्या यादीतच नाही. मृत्युपत्र कर. साधा कागद चालतो, दोन साक्षीदार लागतात, आत काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवायची गरज नसते. पण मित्राच्या नावावर कुठेच शेती नसेल तर कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, गुजरातच्या अशाच कलमावर 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मृत्युपत्रानेसुद्धा बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देता येत नाही. म्हणून त्याला बँकेतले पैसे, जनावरं, गाडी लिहून दे. रान बहिणीला लिहिता येईल, भावाच्याच पोरांना गेलं पाहिजे असा काही नियम नाही.

आणि वकील सोलापुरातला बघ, तालुक्याला गेलास तर तू घरी पोचायच्या आत बातमी पोचेल.