अँटीव्हायरस विकत घ्यावा का?

प्रश्न: दादा, घरच्या कॉम्प्युटरला विंडोज ११ आहे, दुकानदाराने एक अँटीव्हायरस टाकून दिला, मुलाने वरून दुसरा फ्री डाउनलोड केला, आता मशीन इतकं रखडतं की टॅलीचं एक बिल उघडायला चहा पिऊन होतो. कोणता ठेवू?

उत्तर: ताई, आधी दोन्हीपैकी एक आजच काढा. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी प्रत्येक फाइल तपासायला लागले की एकमेकांच्या पायात पाय घालतात, संरक्षण काही दुप्पट होत नाही. खरं सांगायचं तर तुमच्या विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा स्वतःचा अँटीव्हायरस आधीपासून आहे, तो फुकट आहे आणि दुसरा अँटीव्हायरस टाकला की सहसा आपोआप बाजूला होतो, म्हणून दोन्ही काढले तर तो परत चालू झालाय ना हे विंडोज सिक्युरिटीत जाऊन बघा, हिरवी खूण दिसली पाहिजे. घरगुती वापराला माझ्या मते तेवढा पुरतो. विकतचाच हवा असेल तर आपल्या पुण्याचा क्विक हील आहे, फक्त कुठलाही घेताना पहिल्या वर्षाची सूट बघून भुलू नका, रिन्यूअलचा भाव आधी विचारा.

पण ताई, मला खरी काळजी तुमच्या बिलांची वाटते. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, सगळ्या फाइल्स कुलूपबंद करतं आणि पेनड्राइव्ह कायम लावलेला असेल तर त्यावरच्याही जातात, तेव्हा दर शनिवारी टॅलीचा बॅकअप घ्या आणि ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. आणि मुलाला क्रॅक केलेले गेम टाकू देऊ नका, अँटीव्हायरस बंद करा असं तिथे लिहिलेलं असतं आणि पोरं करतात.